वडील गेले, आणि पाहुणे म्हणाले, ‘विश्वास कमी पडला’

सलाम, बाळ.

तुझं पत्र दोनदा वाचलं. इतरांनाही संदर्भ लागावा म्हणून आधी थोडक्यात मांडतो. तू नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यात, मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, आवारात खेळत वाढलीस, आता पुण्यात नोकरी करतेस. गेल्या पावसाळ्यात वडील किडनीच्या आजारानं गेले. आठ महिने डायलिसिस चालू होतं, आणि तेवढेच महिने घरात प्रार्थना, साखळी उपवास, रात्रीच्या प्रार्थना. मातीच्या दुसऱ्या दिवशी घरी आलेल्या एका पाहुण्या प्रचारकानं तुझ्या आईला सांगितलं, ‘घरात कुणाचा तरी विश्वास कमी पडला असेल.’ तेव्हापासून तुला बायबल उघडवत नाही. उघडलंस तर भाषा जड वाटते, लेवीय हे पुस्तक आलं की झोप येते. मंडळीत जावं तर तिथे निवडणुकीची भांडणं. भावानं तर मंडळीच्या यादीतून नावच काढून घेतलंय. आणि शेवटी तू विचारलंस, ‘साहेब, माझ्यात काही उरलंय का?’

मी अडतीस वर्षं पाळक म्हणून काढली, सात मंडळ्या सांभाळल्या, आता निवृत्त आहे. मातीच्या उपासना किती घेतल्या याचा हिशोब ठेवला नाही, पण चारशेच्या वर असतील. तेव्हा जे सांगतोय ते पुस्तकातलं कमी आणि ओट्यावर बसून शिकलेलं जास्त आहे.

आधी त्या पाहुण्याचं बघू. तो जे बोलला त्याला आधार म्हणून बहुतेक मत्तयाच्या शुभवर्तमानाचा सतरावा अध्याय पुढे करतात. शिष्यांना एका मुलाला बरं करता आलं नाही, आणि येशू म्हणाला, तुमच्या अल्पविश्वासामुळे. मोहरीच्या दाण्याची गोष्ट तिथलीच. आता नीट वाच. येशू हे कुणाला म्हणाला? मुलाला नाही. मुलाच्या बापाला नाही. जे बरं करायला गेले होते त्या शिष्यांना म्हणाला. हीच गोष्ट मार्काच्या नवव्या अध्यायात आहे, तिथे तो बाप रडत ओरडतो की माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवा. एका वाक्यात दोन्ही. आणि एवढ्या अर्ध्यामुर्ध्या विश्वासावर पोरगं बरं झालं. याकोबाच्या पत्रातही तसंच, आजाऱ्यानं मंडळीतल्या वडीलधाऱ्या पुढाऱ्यांना बोलवावं, त्यांनी तेल लावून प्रार्थना करावी, ती विश्वासाची प्रार्थना. म्हणजे विश्वास कमी पडल्याचा हिशोब काढायचाच असेल तर तो प्रार्थना करायला आलेल्यांपासून काढावा लागेल. त्या पाहुण्याला हे कुणी तरी विचारायला हवं होतं. पण मातीच्या दुसऱ्या दिवशी ते कुणाला सुचतं?

प्रेषित पौलाचंच बघ. प्रेषितांच्या कृत्यांत लिहिलंय की त्याच्या अंगावरचे रुमाल नेऊन आजाऱ्यांवर ठेवले तर रोग जात. तोच पौल आपला तरुण सहकारी तीमथ्य याला लिहितो की सोबती त्रफिम आजारी पडला, त्याला मी मिलेतात ठेवून आलो. रुमाल पाठवला नाही. ठेवून आला. खुद्द तीमथ्याला पोटाचा त्रास होता, त्यावर पौलानं सांगितलेला उपाय म्हणजे थोडा द्राक्षारस घेत जा. विश्वास वाढव असं नाही. आणि स्वतःच्या शरीरातल्या काट्यासाठी त्यानं तीनदा विनंती केली, काटा तिथेच राहिला. अटकेआधी गेथशेमाने बागेत येशूनं दुःखाचा प्याला टळावा म्हणून प्रार्थना केली, तो प्याला टळला नाही. तिथे कुणाचा विश्वास कमी पडला होता?

तेव्हा घरात कुणाचा विश्वास कमी पडला का, या तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’. आईलाही हेच सांग. वडिलांच्या किडन्या निकामी झाल्या म्हणून वडील गेले.

आता माझं सांगतो, नाहीतर तुला वाटेल म्हातारा दुसऱ्यांवर टीका करायला मोकळा आहे. पाळकपणाचं माझं तिसरं वर्ष. वाडीवरच्या एका घरात सात वर्षांचा मुलगा साप चावून गेला. कडब्याच्या गंजीत हात घातला होता. मी नवीन सायकलवर गेलो, काखेत बायबल, पांढरा शर्ट इस्त्रीचा. आई भिंतीला टेकून बसलेली. मी म्हणालो, ‘देवाला चांगली फुलं आपल्या बागेत हवी असतात.’ हे वाक्य मी कुठल्या तरी मोठ्या पाळकाच्या तोंडून ऐकलं होतं आणि मला ते फार सुंदर वाटलं होतं. ती बाई माझ्याकडे बघतच राहिली. मग तिची सासू उठली, माझ्या हातात पितळेचा पेला दिला आणि हळूच म्हणाली, ‘साहेब, पाणी प्या, अन् जरा गप बसा.’

मी बसलो. दोन तास. त्या दोन तासांत म्हातारीनं नातवाच्या नावानं जे काही आळवलं, ते मला सेमिनरीत कुणी शिकवलं नव्हतं. त्यात देवाला दिलेल्या शिव्या होत्या, त्या इथे लिहिता येणार नाहीत. आणि मध्येच ती ‘बापा, तूच घे रे त्याला मांडीवर’ म्हणायची. पुन्हा शिव्या. पुन्हा बापा.

ईयोबाची गोष्ट तुला संडे स्कूलपासून माहीत आहे. त्याचं सगळं गेलं तेव्हा त्याचे मित्र आले, सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसले, एक शब्द बोलले नाहीत. त्यांच्या हातून घडलेलं सगळ्यात चांगलं काम ते तेवढंच. आठव्या दिवसापासून तोंड उघडलं आणि तुझ्या पाहुण्यासारखं बोलायला लागले: तुझंच काही तरी चुकलं असेल, देव उगाच असं करत नाही. पस्तीस-चाळीस अध्याय हा वाद चालतो. शेवटी देव काय म्हणतो? त्या मित्रांना म्हणतो की माझा सेवक ईयोब माझ्याविषयी जसं बरोबर बोलला तसं तुम्ही बोलला नाहीत. ईयोब तर देवाशी भांडत होता, जन्मदिवसाला शाप देत होता. मित्र देवाची बाजू मांडत होते. आणि देवानं भांडणाऱ्याची बाजू घेतली. मी हा अध्याय शंभर वेळा वाचला असेल, पण अर्थ कळला तो त्या पेल्यानंतर.

मला तुला खरं तर एवढंच सांगायचंय. तू विचारतेस, माझ्यात काही उरलंय का? बायबल उघडवत नाही, रागानं मिटून ठेवावंसं वाटतं, हेही देवाशी बोलणंच आहे. अडचण तुझ्यात नाही. आमच्या मंडळ्यांनी रडायचं सोडून दिलंय, त्यामुळे रडणाऱ्या माणसाला तिथे बसायला जागा मिळत नाही. माईक, ड्रम, टाळ्या, ‘आनंद करा’. आनंदाला माझा विरोध नाही, मी स्वतः झांज बरी वाजवतो. पण स्तोत्रसंहितेत १५० स्तोत्रं आहेत, त्यातली सुमारे एक तृतीयांश रडगाणी आहेत. आपण मात्र म्हणतो ती कुठली? तेवीसावं, शंभरावं, एकशे एकविसावं. बाकीची छापून पडून आहेत.

तेरावं स्तोत्र काढ. सहाच वचनं आहेत. सुरुवातीलाच चार वेळा एकच प्रश्न: कुठवर? कुठवर विसरणार, कुठवर तोंड लपवणार. मग अठ्ठ्याऐंशीवं काढ. ते तर शेवटपर्यंत उजाडतच नाही. मूळ इब्रीत त्या स्तोत्राचा शेवटचा शब्दच ‘अंधार’ आहे. ज्यांनी शास्त्र जपलं, नकलून काढलं, त्या लोकांना वाटलं असतं तर शेवटी ‘तरी मी स्तुती करीन’ अशी एक ओळ जोडता आली असती. त्यांनी ती जोडली नाही. तसंच ठेवलं, आणि मंदिरातल्या गाण्यांत ठेवलं.

उत्तम शुक्रवारी आपल्याकडे बारा ते तीन येशूच्या वधस्तंभावरच्या सात उद्गारांची उपासना असते, प्रत्येक उद्गारावर वेगळा वक्ता. मी वाटप करायला बसलो की एक गंमत दरवर्षी दिसायची. ‘आज तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील’ हा उद्गार सगळ्यांना हवा. ‘पूर्ण झाले आहे’ ज्येष्ठ लोक आधीच राखून ठेवतात. चौथा कुणालाच नको: ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ तो नवशिक्याच्या गळ्यात पडतो, आणि तो बिचारा दहा मिनिटांत धावत धावत पुनरुत्थानापर्यंत जाऊन पोहोचतो. एकदा हा उद्गार आमच्या मंडळीतल्या एका विधवा शिक्षिकेला दिला. ती उभी राहिली, बाविसावं स्तोत्र पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं, कारण तो उद्गार त्याच स्तोत्राची पहिली ओळ आहे, आणि खाली बसली. एक शब्द जोडला नाही. माझ्या आठवणीतलं ते सगळ्यात चांगलं प्रवचन.

आता वाचायचं कसं. तू वर्षभरात बायबल पूर्ण करायचा तक्ता घेऊन बसली होतीस, बरोबर? जानेवारीत मंडळी तो वाटते. सबंध शास्त्रात १,१८९ अध्याय आहेत, म्हणजे दिवसाला तीन-सव्वातीन. उत्पत्तीचे पन्नास, निर्गमाचे चाळीस. महिना संपता संपता लेवीय लागतं, आणि महारोगाचे डाग, होमाची चरबी यांत माणूस रुतून बसतो. माझ्या हिशोबानं अर्धी मंडळी दरवर्षी फेब्रुवारीत तिथेच गाडली जाते. लेवीय वाईट नाही, पण ते याजकांसाठीचं काम करायचं पुस्तक आहे. नव्या माणसानं तहसीलची नियमपुस्तिका वाचायला घ्यावी तसं होतं. तू तो तक्ता फाड.

मार्क घे. सोळाच अध्याय. एखाद्या रविवारी दुपारी दार लावून मोठ्यानं वाच, दीड-दोन तासांत होतं. मोठ्यानं हे महत्त्वाचं. हे सगळं लिखाण मुळात ऐकायचं होतं. एक जण वाचायचा, बाकीचे ऐकायचे. आपल्या आज्यांपैकी कितीतरी जणींना अक्षर ओळख नव्हती, पण अध्यायच्या अध्याय पाठ. डोळ्यांनी वाचताना जड वाटणारं वाक्य कानाला जड वाटत नाही, करून बघ.

आणि भाषेचं म्हणशील तर थोडी माझी बाजू ऐक. जुनं पवित्र शास्त्र जड आहे, मान्य. सोपी भाषांतरं निघाली आहेत, तीही जवळ ठेव. वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटोंनी आयुष्याची कितीतरी वर्षं सुबोध मराठी बायबलासाठी घातली. २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले ते हेच, २०२४ मध्ये वारले. त्यांच्याही आधी केडगावला पंडिता रमाबाई इब्री आणि ग्रीक शिकून एकट्यानं भाषांतराला बसल्या, खेड्यातल्या बायांना समजावं म्हणून. त्या कामात असतानाच १९२१ साली त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. बाईंनी काम सोडलं नाही. पुढच्याच वर्षी त्याही गेल्या. कोवळ्या वयात दुष्काळात आईबाप गमावलेली, लग्नाला दोन वर्षं होतात न होतात तोच विधवा झालेली ही बाई स्तोत्रांचं भाषांतर करताना ‘कुठवर’ या शब्दाशी किती वेळ थांबली असेल, असं मला कधी कधी वाटतं.

पण जुन्या भाषांतरात काही शब्द असे बसलेत की नव्या भाषांतरात ते गेले तर मला चुकल्यासारखं होतं. इब्रीत देवाच्या न सुटणाऱ्या प्रेमासाठी एक शब्द आहे, हेसेद. इतर भाषांतले लोक त्यासाठी दोन-दोन शब्द जोडत बसतात. आपल्या शास्त्रात स्तोत्रांमध्ये त्याला बऱ्याच ठिकाणी ‘वात्सल्य’ म्हटलंय. वत्स म्हणजे वासरू. गाय व्याल्यावर वासराला चाटते तेव्हा कधी बघितलंस का? ते अजून ओलं असतं, धड उभं राहत नाही, त्यानं काहीही केलेलं नसतं. ती चाटतच असते.

दुसरा शब्द तेवीसाव्या स्तोत्रातला. ‘तुझी आकडी व तुझी काठी मला धीर देतात.’ पुण्यातल्या एका तरुण पाळकानं मला विचारलं, आकडी म्हणजे काय? फेफरं? हसू नकोस. त्यानं धनगर जवळून बघितला नव्हता. तू बघितलायस. दिवाळीनंतर तुमच्या शिवारात मेंढरं बसवायला यायचे ते. लांब काठीच्या टोकाला लोखंडी आकडी, तिनं बाभळीची फांदी खाली ओढायची आणि मेंढरांना पाला, शेंगा खाली पाडायच्या. काठी लांडग्यासाठी, आकडी पोटासाठी. भाषांतर करणाऱ्यांच्या मनात हाच धनगर होता की नाही कोण जाणे, पण मी मात्र तेव्हापासून तसंच वाचतो. आणि त्या स्तोत्रात आणखी एक गोष्ट बघ. पहिली तीन वचनं ‘तो’ म्हणत चालतात: तो मला हिरव्या कुरणांत बसवतो, तो मला नेतो. मृत्युच्छायेची दरी आली की एकदम ‘तू’ होतं. ‘कारण तू माझ्याबरोबर आहेस.’ कुरणात असेपर्यंत देवाविषयी बोलणं चालतं. दरीत त्याच्याशीच बोलावं लागतं, मग ते भांडण का असेना.

आता मंडळी.

भांडणांचं तू लिहिलंस ते खरं आहे, मी लपवणार नाही. मिशनरी गेले, मोक्याच्या जागांवरचे बंगले, शाळा, दवाखाने, मोकळी मैदानं मागे राहिली. ज्या समाजाकडे पिढ्यान्‌पिढ्या गुंठाभर जमीन नव्हती त्याच्या हातात एकदम कोट्यवधींच्या जागा आल्या, आणि त्या कुणाच्या सहीनं विकायच्या यावर पंचमंडळापासून कोर्टापर्यंत वाद. मी एका मंडळीत असताना निवडणुकीच्या आदल्या रात्री दोन गटांनी वेगवेगळी जेवणं घातली, आणि सकाळी त्याच लोकांनी एका प्याल्यातून प्रभुभोजन घेतलं. मीच ते वाढलं. त्या दिवशी माझा हात थरथरत होता. थांबवायला हवं होतं का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

तरी मी तुला जा म्हणेन. कारण सांगतो, परत मार्कातलंच, दुसऱ्या अध्यायातलं. चौघे जण एका पक्षघाती माणसाला बाजेवर घालून आणतात. दारात गर्दी. मग ते वर चढतात आणि छप्पर काढून बाज खाली सोडतात. तुमच्या गावातलं जुनं धाब्याचं घर आठव. तुळया, त्यावर फळ्या, त्यावर हातभर माती, माळवद. गालीलातली घरंही अशीच मातीच्या धाब्याची असायची. मार्कानं वापरलेल्या ग्रीक क्रियापदाचा अर्थच ‘खणणं’ असा आहे. लूक तीच गोष्ट सांगताना कौलं म्हणतो, बहुधा त्याच्या वाचकांच्या गावात घरं कौलारू असावीत. तर हे चौघे दुसऱ्याचं माळवद खणताहेत. खाली येशू बोलतोय आणि त्याच्या अंगावर, लोकांच्या पागोट्यांवर माती पडतेय, काड्या पडताहेत. घरमालक काय म्हणाला असेल याचा विचार कर.

आणि मग ते वाक्य: ‘त्यांचा विश्वास पाहून’. त्यांचा. बाजेवरच्या माणसाचा विश्वास होता की नव्हता, कुणी विचारलं नाही. तो बोललेलाही नाही. त्याला आत यायचं होतं की नाही, तेही आपल्याला माहीत नाही. चौघांनी उचलला म्हणून तो तिथे पोहोचला. सध्या तू बाजेवर आहेस, बाळ. विश्वास तुझ्यात उरलाय की नाही हे तपासत बसायची ही वेळ नाही. मंडळीत जायचं ते बाज धरणारे चार हात शोधायला. पूर्ण मंडळी चांगली मिळत नाही. चार जण मिळतात. तुमच्या गावच्या मंडळीतही होते. आठ महिने डायलिसिसला नगरपर्यंत जीप घेऊन कोण येत होतं, ते तूच पत्रात लिहिलंस. त्याचं नाव पंचांच्या यादीत नसणार, पैज लावतो.

पुण्यात कुठली मंडळी, असं विचारलंस. नाव सांगणार नाही, पण बघायचं काय ते सांगतो. वर्षाचा जमाखर्च सभेत मोठ्यानं वाचतात का. उपासनेनंतर नवीन माणसाशी कुणी बोलतं का, की सगळे पार्किंगकडे पळतात. पाळक दवाखान्यात जातो का, आणि गेला तर किती बोलतो. मागच्या बाकावर भांडी घासणारी बाई बसते का आणि तिला प्रभुभोजन पहिल्या बाकाइतक्याच आदरानं मिळतं का. मराठी की इंग्रजी, ऑर्गन की गिटार, हे सगळं नंतर. आणि कुणी औषध बंद करायला सांगितलं, किंवा आशीर्वादाचा आकडा दानाच्या पाकिटाला बांधला, तर चप्पल घालून बाहेर पड. नम्रपणे, पण बाहेर पड.

जमलं तर वर्षातून एकदा हंगामाच्या उपासनेला गावी जा. मला ती सगळ्यात आवडते. वेदीपुढे ज्वारीची कणसं, ऊस, अंडी, पाय बांधलेली कोंबडी मध्येच ओरडतेय, आणि उपासना संपली की लिलाव. एका वर्षी दोडक्याची एक जुडी साडेचारशेला गेली, कारण ती एका परित्यक्तेनं परसातून आणली होती आणि दोघांनी चढाओढ करून बोली लावली. ते दोघे निवडणुकीत एकमेकांविरुद्ध होते.

गाण्यांचंही थोडं. तू म्हणतेस जुनी गायनं कंटाळवाणी आहेत. काही आहेतच. विलायती चालींवर मराठी शब्द ताणून बसवलेली, कुठल्याही अक्षरावर आघात. पण त्यातच ना. वा. टिळकांचे अभंग आहेत. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेला हा कवी म्हणाला नाही की मी आता अभंग सोडला. उलट अभंग, कीर्तन, भजन घेऊनच तो मंडळीत आला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई मात्र लगेच आल्या नाहीत. त्यांचा बाप्तिस्मा १९०० साली, नवऱ्यानंतर पाच वर्षांनी. मधली बरीचशी वर्षं ताटातूट, राग, रडणं. टिळकांच्या कवितेइतकीच मला ही पाच वर्षं महत्त्वाची वाटतात. कुणाला फरफटत नेता येत नाही. तुझी आई तुझ्या आधी उभी राहील किंवा तू तिच्या आधी. वाट बघा एकमेकींची.

भावाविषयी. त्यानं नाव काढलं ते जातीच्या दाखल्यासाठी, हे तू स्पष्ट लिहिलं नाहीस तरी मला कळलं. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातीचा दर्जा ख्रिस्ती झालेल्याला राहत नाही. १९५६ मध्ये शिखांना, १९९० मध्ये बौद्धांना त्यात घेतलं. आपण बाहेरच आहोत. गावानं वाडा बदलू दिला नाही, विहीर बदलू दिली नाही, पण कागद म्हणतो जात गेली. अशा वेळी एखादं पोर नोकरीसाठी रजिस्टरातून नाव काढतं तेव्हा मला राग येत नाही, लाज वाटते, आणि ती त्याची नव्हे. शिष्य पेत्रानं कोंबडा आरवायच्या आत येशूला तीनदा नाकारलं होतं. त्याला येशूनं नंतर सरोवराच्या काठी कोळशाच्या विस्तवावर मासे भाजून खायला घातले. आधी न्याहारी, मग प्रश्न. भावाला नाताळात जेवायला बोलव. करंज्या त्याला आवडत असतील तर जास्त कर. यादीचा विषय काढू नकोस.

शेवटी त्या बायबलाचं. तू लिहिलंस, वडिलांचं बायबल प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून कपाटात वर ठेवलंय. ते काढ. वाचू नकोस हवं तर. आपल्या घरांत पहिल्या कोऱ्या पानावर नोंदी असतात: कुणाचा जन्म, कुणाचा बाप्तिस्मा, दृढीकरण, लग्न, कोण कधी प्रभूत निजलं. तुझ्या आजोबांची नोंद तुझ्या वडिलांच्या अक्षरात असेल. त्याखाली वडिलांची अजून कुणी केली नसणार. आईच्यानं झालं नसेल. ती तू कर. आईला शेजारी बसव, भाऊ आला असेल तर त्यालाही, आणि तारीख नीट लिही. त्या वेळी तेरावं स्तोत्र मोठ्यानं वाचलंत तर बरं, नाही वाचलंत तरी चालेल. बॉलपेन वापरू नकोस, तो कागद पातळ असतो, पलीकडच्या पानावर उमटतं. पेन्सिलनं लिही, थोडी दाबून.